प्याल्याची ओळ

३ फेब्रुवारी, सोमवार

आदरणीय पाळकसाहेब,

सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडताच बाजूला ठेवाल, असा माझा अंदाज आहे. पाळकीणबाई ते उघडतील, असाही आहे. तेव्हा हे दोघांसाठी आहे असं समजावं.

आधी कामाचं. बिशपसाहेबांनी मला पाळकपदाची दीक्षा द्यायचं ठरवलं आहे. मे महिन्यातला पहिला रविवार. त्यांच्या ऑफिसातून आलेला छापील कागद सोबत जोडला आहे. डीकन ज्या पाळकाच्या हाताखाली राहिला, त्याने खालच्या चौकटीत सही करायची असते, की 'या डीकनने संपूर्ण काळ निष्ठेने सेवा केली.' कागद मार्चअखेर पोचायला हवा. चौकटीशेजारी पेन्सिलीने फुली केली आहे. उलट टपालाचं पाकीट ठेवलं आहे, तिकीट लावून.

संपूर्ण काळ म्हणजे बारा वर्षं आणि चार महिने. आठवीत शाळा सुटलेला, जळक्या मोटरी उघडून त्यांच्या तारेचा एकेक वेढा मोजत वाइंडिंग शिकलेला माणूस मी. मला प्रभुभोजनाच्या मेजाशी उभं करायला मंडळीतले निम्मे लोक नाखूष होते. उभं तुम्ही केलंत, हे मी विसरलेलो नाही. तुमच्या कपाटातली पुस्तकं मी ओळीने वाचली आणि परत करताना त्यांतल्या छपाईच्या चुका पेन्सिलीने सुधारून दिल्या. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "मिस्त्री, पुस्तक वाचायला दिलं होतं रे, दुरुस्तीला नाही!"

या बारा वर्षांत मी एकही रविवार चुकवला नाही. माणसांच्या मधोमध उभं राहून शुभवर्तमान वाचलं. मेज मांडलं, प्याला धरला, उपासनेनंतर भांडी स्वतः धुतली, पुसली. दुपारी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भाकर पोचवली. शेवटी दारापर्यंत ऐकू जाईल असं 'शांतीने जा' म्हणून सगळ्यांना निरोप दिला. लोक म्हणायचे, डीकन म्हणजे अर्धा पाळक. आशीर्वाद देता येत नाही, पापक्षमा जाहीर करता येत नाही, भाकरीवरचे आणि प्याल्यावरचे शब्द म्हणता येत नाहीत, मग तू करतोस तरी काय? मी सांगायचो, बाकीचं सगळं.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारबद्दल एवढंच लिहितो. भाकरीवरचे शब्द झाले, प्याल्यावरचे तुमच्याकडून राहिले. ते लक्षात आणून देणं डीकनचं काम. मी दिलं. माझा आवाज मोठा आहे हे मान्य. दिवसभर ग्राइंडरशेजारी बोलायची सवय. त्यात अपमान करण्याचा हेतू नव्हता. तुम्ही गळ्यातला पाळकपदाचा पट्टा काढून मेजावर ठेवलात, आतल्या खोलीत निघून गेलात आणि महिन्याभरात मुलीकडे राहायला गेलात. हे सगळं तुम्ही ठरवलंत. मी जा म्हटलं नव्हतं.

पत्र इथवर लिहून झाल्यावर आमच्या हिने वाचलं. म्हणाली, "दोन पानं भरलीत. यात 'माफ करा' कुठंय?" मी म्हटलं, चूक नसताना माफी मागणं म्हणजे खोटं बोलणं. "बरं बाबा," म्हणाली आणि आत गेली. तिचं 'बरं बाबा' तुम्हाला माहीत आहे.

सही शाईने करावी.

आपला,
डीकन

२४ फेब्रुवारी, सोमवार

आदरणीय पाळकसाहेब,

तुमचं कार्ड मिळालं. कागद मात्र आला नाही. पाळकीणबाईंच्या अक्षरात एवढंच: 'ते म्हणतात, सही करतो. आधी सांग, त्या रविवारी तुझं बोट कुठे होतं?'

खाली बाईंनी स्वतःचं जोडलं आहे. हल्ली तुम्हाला सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. शेजारच्यांना जावई समजून त्यांची खुशाली विचारता. पण हे एक वाक्य तुम्ही बाईंना तीनदा सांगून लिहून घेतलंत.

विचारलंत तर क्रमाने सांगतो.

गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या रविवारी तुम्ही उपासनेच्या पुस्तकातून मान वर केलीत आणि थांबलात. लोकांना वाटलं, पाळकसाहेब मनात प्रार्थना करताहेत. मी उजवीकडे उभा होतो, मला तुमचे डोळे दिसत होते. जिन्यावर मधेच दिवा गेला की माणूस पुढची पायरी पायाने चाचपतो, तसे ते पानावर चाचपत होते. मी पुस्तक सरळ करायचं निमित्त केलं आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. तुम्ही वाचलंत. पुढच्या रविवारी मी आधीच ठेवलं. त्याच्या पुढच्याही. मंडळी समजत होती, डीकन पान सांभाळतो आहे.

याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. एकदाच, आतल्या खोलीत मी प्याला पुसत असताना तुम्ही म्हणालात, "मिस्त्री, तुझ्या नखात वार्निश आहे." ते मी आभार म्हणून घेतलं. तेव्हापासून दर शनिवारी रॉकेल आणि ब्रश घेऊन नखं घासत आलो आहे. अजून घासतो.

मार्चचा पहिला ते ऑक्टोबरचा दुसरा, असे तेहतीस रविवार बोट ओळीवर होतं. तुम्ही चौतिसाव्याबद्दल विचारता. त्या दिवशीही ते नेहमीच्या जागी असावं. पान उलटताना क्षणभर हललं असेल. कोणत्या क्षणी बोट कुठे होतं, याची नोंद काही माणूस ठेवत नाही.

कागदाची दुसरी प्रत पाठवत आहे, पहिली गहाळ झाली असल्यास.

आपला,
डीकन

ता. क. हिने हेही पत्र वाचलं आणि हसत सुटली. म्हणाली, "तुम्ही? तुम्ही नोंद ठेवत नाही? पंख्याला किती स्क्रू म्हणून विचारलं तर तुम्ही 'चार असावेत' म्हणत नाही. 'चार' म्हणता. आणि इथे लिहिलंय 'असावं'?" पत्र फाडून दुसरं लिहावं असं मनात आलं, पण पाकिटावर तिकीट लावून झालं होतं.

६ मार्च, गुरुवार

पाळकसाहेब,

तुमच्या उत्तराची वाट न पाहता लिहितो आहे. कागद तसाच राहू दे.

तुमच्या जागी आता पाळकबाई आल्या आहेत. हुशार आहेत, स्पष्ट वाचतात, सबंध उपासना त्यांना पाठ आहे. गेल्या रविवारी दारात कमिटीचे सेक्रेटरी त्यांना माझी ओळख करून देत होते. "बाई, हे आमचे डीकन. डोळ्यांत तेल घालून उभे असतात. त्या दिवशी हे होते म्हणून मंडळीची लाज राहिली." चारजण माना डोलवायला लागले. एकाने पाठीवर थाप दिली. बाई कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. न बोलता मी ते सगळं घेतलं, जसं पाच महिने घेत आलो आहे. बिशपसाहेबांच्या कानावर माझं नाव गेलं तेही याच गोष्टीमुळे.

काल कामाच्या बाकावर एका पंपाची मोटर भरत होतो. एका कॉइलला चौऱ्याऐंशी वेढे. सत्तावन्नला आलो आणि पुढचा आकडा सापडेना. अठ्ठावन्न की एकोणसाठ? तेवीस वर्षांत असं झालं नव्हतं. मोजणी चुकली तर अंदाजाने पुढे जायचं नसतं. मोटर चालते, पण तापते, आणि एक दिवस जळते. मी तार सोडवत गेलो, पार मोकळी होईपर्यंत, आणि रिकामी फिरकी हातात धरून बसून राहिलो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी कमिटीची बैठक होती. कुणीतरी विषय काढला, की डीकनची इतकी वर्षं झाली, त्यांचं नाव पाळकपदासाठी पाठवावं का. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत होतो. सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हसून म्हणालात, "आमच्या मिस्त्रीला सगळं पाठ आहे. फक्त गप्प बसणं पाठ व्हायचं राहिलंय."

सगळे हसले. मीही हसलो. इतिवृत्तात लिहिलं, 'विषय पुढे ढकलण्यात आला.'

घरी आलो, नखं घासली, आणि मनात एकच घोळत राहिलं. सात महिने कोण गप्प बसलं आहे? तेहतीस रविवार एक शब्द न बोलता यांची लाज कुणी राखली? आणि हे मला चारचौघांत सांगतात, गप्प बसायला शीक! ठीक आहे म्हटलं. उद्या बघू, बोटाशिवाय कुठपर्यंत जातात ते.

डीकनचा पट्टा डाव्या खांद्यावरून तिरका आणून उजव्या कमरेशी बांधतात. उजवा हात कामाला मोकळा राहावा म्हणून. हे मला तुम्हीच शिकवलंत. पहिल्यांदा गाठ मारून दिलीत तीही तुम्हीच. त्या रविवारी तो मोकळा हात मी झग्याच्या घडीत घातला आणि तिथेच ठेवला.

तुम्ही भाकर उचललीत. ते शब्द तुमच्या हाडीमाशी मुरलेले, सहज आले. भाकर ठेवलीत. मग पानाकडे पाहिलंत. मग पानावर जिथे माझं बोट असतं तिथे. तिथे काही नव्हतं. तुम्ही वाट पाहिलीत, पाळकसाहेब. मी मोजलं. मनात अकरापर्यंत मोजलं. मग तुम्ही पान उलटलंत आणि पुढची प्रार्थना सुरू केलीत.

तेव्हासुद्धा वेळ होती. वाकून कानात सांगता आलं असतं. पान मागे घेऊन बोट ठेवता आलं असतं. तुम्ही दोन वाक्यं मागे जाऊन प्याल्याचे शब्द म्हटले असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता. मी मान वर करून शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो, "प्याल्याचे शब्द राहिले!"

ग्राइंडरचं मी तुम्हाला लिहिलं ते खोटं. मला हळू बोलता येतं. आजाऱ्यांच्या खोलीत मी हळूच बोलतो.

त्या दिवशी जिथे बोलायचं तिथे बोट गप्प बसलं, आणि जिथे गप्प बसायचं तिथे तोंड बोललं. तुम्ही आदल्या दिवशी म्हणालात ते तसंच होतं. मी ते चोवीस तासांच्या आत खरं करून दाखवलं.

तुम्ही आत गेल्यावर काय झालं हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. एकसष्ट माणसं बसून होती. पुढचं करायला पाळक नव्हता आणि डीकनला ते करता येत नाही. 'शांतीने जा' म्हणणं माझं काम, पण ते ओठावर येईना. कुठल्या तोंडाने म्हणणार? लोक दहा मिनिटं थांबले, मग एकेक करत उठून गेले. निरोप न घेता गेले. भाकरीवरचे शब्द झाले होते, म्हणून ती टाकता येत नव्हती. प्याल्यावरचे झाले नव्हते, म्हणून तो पिता येत नव्हता. मी मेजाशी उभा राहून एकसष्ट माणसांची भाकर एकट्याने खाल्ली. कोरडी. शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. नियम पाळला म्हणून तेव्हा मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

बोट घडीत होतं, पाळकसाहेब. मुद्दाम ठेवलं होतं.

माफ करा. हा शब्द हिच्या सांगण्यावरून लिहिलेला नाही. हे पत्र तिने वाचलेलं नाही.

मिस्त्री

२४ मार्च, सोमवार

पाळकसाहेब,

हे पत्र मोठ्या अक्षरात आणि ओळी सोडून लिहिलं आहे, पाळकीणबाईंना चष्म्याशिवायही वाचता यावं म्हणून. तुम्ही म्हणाल, मिस्त्री परवाच तर येऊन गेला, पत्र कशाला? बाईंनी मागितलं म्हणून. का, ते शेवटी येईल.

माझं मागचं पत्र बाईंनी तुम्हाला वाचून दाखवलं. पुढचं त्यांनीच लिहून कळवलं. तुम्ही म्हणालात, "बरं केलं सांगितलं." पेन मागितलंत, कागदावर सही केलीत, शाईने, फुलीच्या बरोब्बर शेजारी. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाईंना विचारलंत, "मिस्त्रीचं उत्तर आलं का? त्याचं बोट कुठे होतं?" बाईंनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी परत. बाईंनी मला लिहिलं, 'पत्र अवघड आहे हो, रोज वाचवत नाही. मी काय सांगत जाऊ?'

ते वाचलं आणि गाडीत बसलो. शुक्रवारी सकाळी तुमच्या दारात होतो.

दार तुम्ही उघडलंत. अंगात स्वेटर, बटणं एक घर चुकलेली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "मिस्त्री! आलास का? आधी पंप बघ." आमचा मिस्त्री म्हणालात की कुठलाही मिस्त्री, ते मला कळलं नाही. मागे जाऊन पंप पाहिला. त्याला काही झालेलं नव्हतं. तरी उघडला, साफ केला, बसवला आणि चालू करून दाखवला. तुम्ही शेजारी स्टूल घेऊन बसला होतात. मधेच म्हणालात, "बारीक काम आहे. मोजून करावं लागत असेल." मी म्हटलं, हो. तुम्ही म्हणालात, "आमच्याकडे एक होता. फार मोजायचा." पाना माझ्या हातातून निसटला. तुम्ही खाली वाकून उचलून दिलात.

दुपारी जेवणाचं टेबल रिकामं करून मी मांडलं. पांढरं कापड, भाकर, बाईंचा काचेचा प्याला. बिशपसाहेबांना फोन करून परवानगी आधीच घेतली होती. त्याच फोनवर त्यांना बाकीचंही सांगितलं होतं, घडीतल्या हातासकट. ते एवढंच म्हणाले, "आधी तिकडे जाऊन या." आणि फोन ठेवला.

तुमच्या गळ्यात पट्टा बाईंनी घातला. माझा मी तिरका बांधला. बाई आणि तुमची मुलगी समोर बसल्या. तुम्ही उभे राहिलात आणि आवाज आला तो जुनाच, भिंतीपलीकडे जाणारा. स्वेटरच्या बटणांचा घोळ घालणारा माणूस तो हाच का, असं मुलीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. भाकर उचललीत. ते शब्द डोळे मिटून म्हणालात. भाकर ठेवलीत.

आणि थांबलात.

माझं बोट तिथे होतं. प्याल्याच्या ओळीखाली, पहिल्या शब्दाशी. मी ते त्याआधीच ठेवलं होतं, तुम्ही डोळे उघडायच्या आत. तुम्ही पानाकडे पाहिलंत, मग बोटाकडे. वाचायच्या आधी तुम्ही मान किंचित वळवून, फक्त मला ऐकू येईल इतकं हळू म्हणालात, "नख स्वच्छ आहे."

मग वाचलंत. एकही शब्द राहिला नाही. मी बोट ओळीबरोबर सरकवत नेलं.

सगळ्यांना देऊन झालं. प्याला मी पुसला. तुम्ही आशीर्वाद दिलात आणि पुस्तक मिटून खाली बसलात. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. तेव्हा तुम्ही म्हणालात, "अरे, पुढचं तुझं काम ना? लोक खोळंबलेत."

दोन बायका आणि तुम्ही. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एकसष्टजण होते, पाच महिने बाकांवर तसेच बसून राहिलेले. मी म्हटलं, "शांतीने जा." माझा मोठा आवाज तुमच्या खुर्चीपर्यंत जेमतेम पोचला असेल. तुम्ही मात्र त्यावर मंडळीने द्यायचं उत्तर पूर्ण दिलंत, सगळ्यांच्या वतीने.

सही केलेला कागद बाईंनी निघताना माझ्या हातात ठेवला. तो मी पाठवणार नाही. त्यावर 'संपूर्ण काळ निष्ठेने' असं छापलं आहे. संपूर्ण हा शब्द बसत नाही. तेहतीस बरोबर होते आणि चौतिसावा चुकला. अशा वेळी काय करायचं असतं हे मला चांगलं ठाऊक आहे. तार सोडवायची आणि एकपासून मोजायचं. बिशपसाहेबांना तसं कळवलं आहे. मेची तारीख त्यांनी खोडली. ही म्हणाली, "बरं बाबा," पण या वेळी आत गेली नाही, शेजारी बसली. कमिटीत मी उभा राहून सगळं सांगितलं. सेक्रेटरी इतिवृत्तात काय लिहावं म्हणून विचारात पडले. मी म्हटलं, जे सांगितलं तेच लिहा, शब्द मी घालून देतो.

काल रविवारी पाळकबाईंच्या उजव्या हाताला उभा राहिलो आणि सवयीने ओळीवर बोट ठेवलं. त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "काका, बोट काढा. ओळच दिसत नाही." काढलं. उपासना झाल्यावर आतल्या खोलीत म्हणाल्या, "काढा म्हटलं खरं, पण जवळच असू द्या." मी म्हटलं, जवळच आहे.

आता पत्र कशासाठी, ते.

शनिवारी सकाळी मी निघायच्या तयारीत होतो. चहा पुढे होता. तुम्ही कपातून मान वर केलीत आणि विचारलंत, "मिस्त्री, त्या रविवारी तुझं बोट कुठे होतं रे?"

बाईंचा हात किटलीवर थांबला. मी म्हटलं, "झग्याच्या घडीत होतं, पाळकसाहेब. मुद्दाम ठेवलं होतं. तुमच्यावर राग होता. माफ करा."

तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. प्रथमच ऐकत असल्यासारखं तुम्हाला ते लागलं, मला दिसलं. मग विचारलंत, "आणि आता?"

"आता ओळीवर आहे."

"मग झालं," म्हणालात आणि साखर मागितलीत.

तेव्हा पाळकीणबाई, तुम्ही विचारलं होतंत की रोज काय सांगू, तर हे सांगत जा. माझ्या शब्दांत, माझ्या नावाने. माझी बाजू सावरून घेऊ नका. ते दर वेळी 'मग झालं' म्हणतीलच असं नाही. एखाद्या सकाळी संतापतील, कप आपटतील, कागदावरची सही मागे घेतो म्हणतील. तेही मला कळवा. तो राग त्यांच्या हक्काचा आहे, आणि त्यांना तो रोज नव्याने आठवणार असेल, तर माफीही मी रोज नव्यानेच मागायला हवी.

वाचून झालं की पत्र याच घडीवर मिटून साखरेच्या डब्याखाली ठेवा. उद्या परत लागेल.

मिस्त्री